बोंडूकचा डावा हात

नाना उजव्या हाताने जेवत नसत. शेवभाजी असो की वरणभात, चमचा डाव्या हातात, आणि उजवा हात मांडीवर, तळवा वर करून, पाहुण्याला बसवावं तसा बसवून ठेवलेला. अमळनेरला आमच्या लाइटवाल्याचं लग्न होतं, तिथे पंगतीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ते काही बघवेना.

"काय हो भाऊ, डाव्या हाताने जेवता? घरी कोणी शिकवलं नाही वाटतं?"

"उजवा ड्यूटीवर आहे, आबा," नाना म्हणाले आणि चमच्याने जिलेबी तोडायला लागले.

मी समोरच्या ओळीत होते. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट गोल फिरवलं आणि मी मान हलवली. खोटं कशाला बोलू? माझंही त्यांच्याबद्दल तेच मत होतं, आणि अजून फारसं बदललेलं नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आमच्या मालिकेच्या शेवटी नावं अशी काही पळवायचे की आमची आम्हाला वाचता यायची नाहीत. पण बोंडूक म्हटलं की लहान मूल असलेल्या घरात लगेच चेहरे उजळायचे. ढगांच्या देशातून वाट चुकून खाली आलेला आणि कपाशीच्या बोंडात अडकून बसलेला एक जीव, पांढरा, गुबगुबीत, झोपाळू डोळ्यांचा. त्याच्या जगात बोलणारी विहीर होती, पंख फुटलेला बैल होता, आणि पावसाचा थेंब जिभेवर घेऊन तो गोड की खारट ते सांगणारी एक खडूस पाल होती. घाबरलेल्या पोराला बोंडूक म्हणायचा, "भिऊ नको, मी शे ना!" शे म्हणजे आहे, आमची अहिराणी. एवढं ऐकलं की टीव्हीसमोरची पोरं टाळ्या पिटायची.

त्या बोंडूकच्या डोक्यात नानांचा उजवा हात असायचा. आवाजही त्यांचाच. हळदीचा किंवा तेलाचा हात आत गेला की कापूस वास धरतो, आणि वास धरलेला बोंडूक मनापासून बोलत नाही, असं नानांचं म्हणणं होतं. कोण वाद घालणार?

हे सगळं अमळनेरच्या बाहेर, एका बंद पडलेल्या तेल कारखान्याच्या गोदामात चालायचं. भिंतींना सरकीच्या तेलाचा वास मुरलेला. आत माणसाच्या उंचीवर फळ्या ठोकून बोंडूकचं गाव उभं केलेलं होतं. कॅमेऱ्याला ते गाव दिसे आणि आम्ही बाहुल्या चालवणारे फळ्यांच्या खाली, हात वर करून, घामाने निथळत उभे. वर काय चाललंय ते बघायला पायाशी एक छोटा टीव्ही. आपला हात डोक्यावर आणि नजर पायाजवळ, अशी दिवसभराची नोकरी. "आपण खालची माणसं," नाना म्हणायचे. त्यात अभिमान होता की कुरकूर, ते मला कधीच कळलं नाही.

मी तिथे आले ती शिवणकामाला. माझं माहेर बोदवडचं, जळगावात शिवणकाम शिकले, आणि फाटलेल्या बाहुल्या शिवायचं काम मिळालं म्हणून अमळनेरला खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात चालू शॉटमध्ये बोंडूकचा उजवा खांदा उसवला. मी फळ्यांखाली शिरून टाका घालायला गेले, तर वेळ नाही म्हणून खांदा नुसता आतून हाताने धरून ठेवला. शॉट संपला. मी हात काढायला लागले.

"हात काढू नको," नाना म्हणाले.

"का?"

"त्याला आवडलाय."

झालं. बोंडूकचं डोकं आणि डावा हात नानांचा, उजवा हात माझा. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए उजवे!" हेच माझं नाव. सहा-सात वर्षं मी त्या माणसाच्या काखेत उभी राहिले. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिने फोनवर डोक्याला हात लावला असणार, कारण आधी नुसतीच शांतता होती.

"अगं बाई, परक्या माणसाच्या काखेत? दिवसभर?"

"आई, ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. ते टीव्हीकडे बघतात."

"मग तर अजूनच वाईट," आई म्हणाली.

नानांचा माझ्यासाठी एकच नियम होता. उजव्या हाताने स्वतःहून काही करायचं नाही. डोकं मागेल तेव्हा हलायचं, तोवर वाट बघायची. डोक्याने काय मागितलं ते ओळखायचं कसं? श्वासावरून. नाना श्वास घ्यायचे, बरगड्या माझ्या खांद्याला लागायच्या, आणि मला कळायचं की आता बोंडूक टाळी वाजवणार, आता डोकं खाजवणार. सुरुवातीला मी दोनदा घाई केली. दोन्ही वेळा त्यांनी शॉट थांबवला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रागावले की ते तोंडाने बोलतच नसत. मोकळा उजवा हात माझ्या नाकासमोर धरायचे आणि बोटं चोचीसारखी उघडमीट करायची, आवाज न करता. शिव्या परवडल्या पण ते नको असं व्हायचं.

आता डाव्या हाताबद्दल सांगते. बोंडूक खोटं बोलायला लागला की त्याचा डावा हात आपोआप वर यायचा आणि त्याचंच तोंड दाबून धरायचा. मालिका गाजली ती त्या हातामुळे. शाळाशाळांतून पोरं तसं करायला लागली. पण हे कोणी लिहिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या एका भागात संवाद होता, "मी कोणालाच घाबरत नाही." लेखकाने तो अगदी मनापासून लिहिला होता. बोंडूकने तो म्हटला आणि डावा हात जाऊन तोंडावर बसला. दिग्दर्शक म्हणजे जळगावचाच एक तरुण मुलगा, तो आधी वैतागला, मग हसत सुटला. पुढे लेखक संवादातच तसं लिहायला लागले तेव्हा नाना अडून बसले.

"लिहू नका. कुठे वर जायचं ते त्याचं तो बघेल."

"अहो नाना, पण तो हात तुमचा आहे!"

"म्हणूनच म्हणतो, लिहू नका."

बोंडूकच्या आधी मुंबईत काय काय केलं ते नाना चहा पिताना सांगायचे, म्हणजे मूड असला तर. कुठल्याशा मालिकेत राक्षसाची शेपटी. एका मालिकेत बोलणारं झाड, त्यात ते आतमध्ये उकडून बेशुद्ध पडले आणि झाड मान टाकून बसलं तर सगळ्यांना वाटलं काय सुंदर अभिनय. टूथपेस्टच्या जाहिरातीतला किडलेला दात. एवढं करून त्यांचा चेहरा एकदाही टीव्हीवर आला नाही. साक्रीकडच्या खेड्यात त्यांची आई होती, ती प्रत्येक वेळी टीव्हीसमोर बसून शोधायची.

"बठ्ठा दखातस, तूच दखास नही. तू कोठे शे रे?" ती फोनवर विचारायची. सगळे दिसतात, तूच दिसत नाहीस, तू आहेस तरी कुठे?

"मी खाले शे, माय."

म्हातारीला वाटायचं पोरगं काहीतरी लपवतंय. मुंबईत भांडी घासत असेल आणि लाजेने सांगत नसेल. मग बोंडूक आला. बाहुलीचा डावा हात म्हणजे नुसता एक पांढरा हातमोजा, आत नानांची खरी पाच बोटं. नानांनी आईला सांगितलं, "माय, तो डावा हात मन्हा शे." त्या दिवसापासून म्हातारीने बोंडूककडे बघणं सोडलं आणि डाव्या हाताकडे बघायला लागली. एकदा नानांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता तेव्हा मी तिला विचारताना ऐकलं, "आज हात दुखस का रे तुन्हा? जड उचलत व्हता." नाना नाही म्हणाले. दुखत होता, मला माहीत होतं.

ती गेली तेव्हा नाना तिचं सगळं करून दुसऱ्या आठवड्यात कामावर आले. डोक्यावर रुमाल गुंडाळलेला, खाली तुळतुळीत. त्या दिवशीचं पहिलंच वाक्य होतं, "आज मी खूप आनंदात शे!" बोंडूकने ते म्हटलं, छान ठसक्यात म्हटलं. आणि डावा हात वर आला, तोंडावर बसला, आणि खाली येईचना. दिग्दर्शक थांबला. कॅमेरा चालूच. वर बोंडूक तोंड दाबून बसलेला आणि खाली माझ्या खांद्याला नानांच्या बरगड्या लागत होत्या, धडधड, धडधड. माझ्या मानेवर काहीतरी गरम पडलं. मी हलले नाही. डोक्याने काही मागितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, म्हातारी गेल्यावर माणूस खचला. खचायला तो आधी कधी ताठ होता? रोज सकाळी गोदामात पाऊल ठेवलं की नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बंद पडणार हे." चहा आला, "बंद पडणार." मालिकेला बक्षीस मिळालं, सगळे नाचले, नाना म्हणाले, "आता नक्की बंद पडणार." माझं तर डोकंच उठायचं. एकदा मी विचारलं, "नाना, तुमच्यानंतर बोंडूक कोणाचा?" त्यांनी काही ऐकलंच नाही असं केलं. मी परत विचारलं. त्यांनी खांद्यावरचा बागायती रुमाल काढला, बोंडूकचं तोंड डाव्या हाताने मिटलं, डोळ्यांवर रुमाल टाकला आणि म्हणाले, "झोप, भो." भो म्हणजे भाऊ. रोज पॅकअपला ते हेच करायचे. उघड्या डोळ्यांनी निपचित पडलेला बोंडूक कोणी बघायचा नाही, सफाईवाल्या मावशींनीसुद्धा. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं की नव्हतं, कोण जाणे.

उजवा खांदा मात्र खरंच कामातून चालला होता. धुळ्याहून अमळनेरला ते एसटीने यायचे, आणि गाडी रिकामी असली तरी वरचा दांडा धरून उभे राहायचे. कंडक्टर म्हणायचा, "अहो काका, बसा ना, जागाच जागा आहे!" नाना म्हणायचे, "मी बसलो की हा बसतो." हा म्हणजे खांदा. सकाळी हात वर जायला वेळ लागायचा, मग मी खालून ढकलायचे, दोघं दात ओठ खात, आणि एकदा का वर गेला की तिथेच. त्या हातात कळ असताना बोंडूक खदखदून हसायचा. तेव्हा मला माणसांचा राग यायचा, उगाच, सगळ्यांचाच.

दाढीची गंमत सांगायची राहिली. टीव्हीतलं उलटं असतं. आपण हात उजवीकडे नेला की पायाशी दिसणारा बोंडूक डावीकडे जातो. त्याची इतकी सवय होते की आरसा चुकीचा वाटायला लागतो. नाना आरशात बघून दाढी करायला गेले की गाल कापून घ्यायचे, म्हणून त्यांनी आरसाच काढून टाकला आणि न्हाव्याकडे जायला लागले. मीसुद्धा त्या दिवसांत वेणी घालताना गोंधळायचे. आम्ही हसायचो त्यावर. चोपड्याला जे झालं तोपर्यंत हसायचो.

चोपड्याच्या एका शाळेने बोलावलं होतं. प्रत्यक्ष कार्यक्रम, पडदा बांधून. नानांची इच्छा नव्हती, दिग्दर्शकाने गळ घातली. पायाशी टीव्ही नाही, म्हणून मी पडद्याच्या भोकातून बघून नानांना कुजबुजत सांगत होते. पहिल्या रांगेतली एक एवढीशी मुलगी उठली. सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्यातरी शेतातलं फुटलेलं बोंड तिने आणलं होतं, बोंडूकला घर म्हणून. ती पडद्याजवळ येऊन हात लांब करून उभी राहिली. मी म्हणाले, "उजवीकडे." नाना टीव्हीतल्या हिशोबाने वळले. बोंडूकने शाळेच्या लोखंडी कपाटाकडे मान वळवली, त्याला वाकून नमस्कार केला आणि कपाटाला प्रेमाने म्हणाला, "भिऊ नको, मी शे ना!"

सगळी शाळा हसली. ती मुलगी हसली नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि पडद्याला वळसा घालून सरळ मागे आली. तिथे नाना गुडघ्यांवर, घामाघूम, लाल चेहरा, आणि कोपरापर्यंत हात बोंडूकच्या आत.

"तुम्ही त्याला का पकडलंय?" ती म्हणाली. "सोडा ना त्याला."

नानांचं तोंड उघडलं. आवाज आला नाही, ना त्यांचा ना बोंडूकचा. शिक्षिका धावत आल्या आणि तिला घेऊन गेल्या. ती जाताना मागे वळून बघत होती, आणि बोंड तिथेच जमिनीवर पडलं होतं.

परत येताना नाना एसटीत उभेच होते. अमळनेर आल्यावर म्हणाले, "राक्षस वाटलो मी तिला." त्यानंतर त्यांनी एकही प्रत्यक्ष कार्यक्रम केला नाही.

आणि एकदा मुंबईचा एक नकलाकार आला. नाना तापाने पडले होते, शूटिंग अडलं होतं, म्हणून दिग्दर्शकाने त्याला बोलावलं. आवाज काय काढायचा! डोळे मिटले तर नानाच. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या काखेत उभी होते आणि मला त्याचा श्वास काही केल्या सापडत नव्हता, त्यामुळे उजवा हात लाकडासारखा. दुपारी बघते तर ताप अंगात असताना, शाल पांघरून, नाना कॅमेऱ्याच्या टीव्हीसमोर उभे. आम्हाला वाटलं आता स्फोट होणार. ते सगळा सीन शांतपणे बघत राहिले.

"आवाज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एवढं खोटं बोलला, हात कुठे वर गेला?"

नकलाकार म्हणाला, "काका, स्क्रिप्टमध्ये नाहीये तसं."

नाना शाल सावरत घरी गेले. दुसऱ्या दिवशी ताप घेऊन कामावर आले. तो सीन आम्ही परत केला.

मालिका बंद पडली, नाना म्हणायचे तशीच. त्यांना काही फार वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही, उलट आपलं भाकीत खरं ठरल्याचं समाधानच होतं तोंडावर. बोंडूकला त्यांनी रुमालात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्याकडे दिली. "तुझ्याकडे उंदीर नाहीत," एवढंच म्हणाले. मी जळगावला शिवणकामाचं दुकान टाकलं. वर्ष गेलं असेल, आणि धुळ्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, फोन आला. नानांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

तुम्हीच सांगा, असं निवडून निवडून घ्यावं का कोणी?

आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच उन्हाळ्यात चॅनलला परत बोंडूक हवा झाला. दिग्दर्शक माझ्या दुकानात आला. म्हणाला, दोनच मार्ग आहेत. एक तर तू बोंडूक चालव, नाहीतर ते कार्टून करणार. "तुला त्यांचा श्वाससुद्धा पाठ आहे," तो म्हणाला. "आवाज तुझा काढू आपण, नवीन. बाकी कोण आहे?"

मला हवं होतं ते. सांगते ना, फार हवं होतं. मशीनवर बसून ब्लाउजच्या बाह्या शिवताना माझा उजवा हात मध्येच थांबायचा, कोणीतरी श्वास घेईल म्हणून. पण ज्या माणसाच्या काखेत मी उभी राहिले, त्याला न विचारता त्याच्या जागी हात घालायची माझी छाती नव्हती. मी दिग्दर्शकाला म्हणाले, "नाना हो म्हणाले तर करीन. नाही म्हणाले तर तुमचं कार्टून तुम्हाला लखलाभ." आणि पेटी घेऊन धुळ्याची गाडी धरली.

अक्कांनी दार उघडलं. दुपारची वेळ, घरात कूलर घरघरत होता.

"ये व माय, बस. त्याले बठ्ठं समजस, फक्त बोलता येस नही." सगळं कळतं त्याला, बोलता तेवढं येत नाही.

नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते. अर्धा चेहरा खाली ओघळलेला. उजवा हात मांडीवर, तळवा वर करून, जसा पंगतीत असायचा तसाच. समोर ताटलीत खिचडी आणि डाव्या हातात चमचा. आता त्यांना कोणी टोकत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते गिळलं, कारण नानांना रडणाऱ्या बायका आवडत नाहीत, तसं पाहिलं तर हसणाऱ्याही आवडत नाहीत.

मी पेटी उघडली, रुमाल काढला. बोंडूककडे बघून त्यांच्या डाव्या डोळ्यात काहीतरी हललं. मी त्यांच्या उजव्या बाजूला पलंगावर बसले, माझा उजवा हात बोंडूकच्या डोक्यात घातला. पहिल्यांदाच. आत अजून उबदार वाटलं, उन्हाळा होता म्हणून असेल. मग डाव्या बाहीचं तोंड मी नानांसमोर धरलं. त्यांनी चमचा ठेवला. अक्कांनी त्यांची बोटं पुसून दिली. आणि नानांचा डावा हात, त्याच्या जुन्या जागी, सरळ आत गेला.

आम्ही तिघं तसे बसलो. बोंडूकने मान वर करून आयुष्यात पहिल्यांदा नानांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होते ते विसरले. तोंडातून आलं ते असं, बोंडूकच्या आवाजात, कसंबसं:

"नाना, भिऊ नका, मी शे ना. तुम्ही लवकर बरे होणार."

डावा हात वर आला आणि बोंडूकच्या तोंडावर बसला.

नाना हसले. अर्धंच हसू, पण हसले. अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी पण हसले आणि मग माझं सगळं गिळलेलं रडू एकदम वर आलं. तो हात थोडा वेळ तोंडावर राहिला, मग खाली गेला, आणि बोंडूकच्या पोटावर दोनदा थोपटल्यासारखं झालं.

मला धीर आला. मी विचारलं, आता माझ्याच आवाजात, पण बोंडूकचं तोंड हलवून. "मग माझं काय करायचं, नाना? ही मला चालवते म्हणते. देता का मला हिच्याकडे?"

मी त्यांचा श्वास ऐकत बसले. माझा खांदा त्यांच्या बरगड्यांना टेकला होता. श्वास आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. मी वाट बघितली, कारण तेवढं एकच मला नीट शिकवलेलं होतं. मग डावा हात बाहीतून बाहेर आला. त्याने चाचपडत माझ्या मांडीवरचा रुमाल शोधला, ओढला, आणि हळूहळू, कडा नीट करत, बोंडूकच्या डोळ्यांवर टाकला.

मला राग आला. आलाच. एवढी वर्षं मी त्यांच्या घामात उभी राहिले, आणि एवढंसं देता येईना? मी रुमाल परत काढायला हात पुढे केला आणि नानांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल इतकं. ते माझ्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही, माझ्याकडे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या नजरेत माझ्यावर काही राग नव्हता. मी बोंडूकमधून हात काढून घेतला.

"झोप, भो," मी म्हणाले, कारण त्यांना म्हणता येत नव्हतं.

नाना पावसाळ्यात गेले. अक्कांनी विचारलं, पेटीचं काय करायचं? मी म्हटलं, ती माझ्याकडेच राहू द्या, माझ्याकडे उंदीर नाहीत.

कार्टून आलं. चांगलं केलंय म्हणतात. माझ्या दुकानात बायका मापं द्यायला येतात, त्यांची पोरं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात. परवा एका पोराच्या मोबाइलमधून ओळखीची धून आली. मी कात्री खाली ठेवून वाकून बघितलं. पांढरा शुभ्र बोंडूक, एक धागा सुटलेला नाही, दोन्ही हात कसे लोण्यासारखे हलतायत. तो उडत उडत पुढे आला, सगळं तोंड भरून हसला आणि म्हणाला, "मुलांनो, ओळखलंत ना? मी तोच तुमचा बोंडूक आहे!"

मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. पोराने "काय झालं मावशी?" विचारलं तरी बघत राहिले. हात काही वर आला नाही.